बाइक, बोंबील आणि बंदर

अलिबाग झालं, मुरुड झालं, दिवेआगरचे रिसॉर्टवाले तर आता नावाने ओळखतात. मग या वीकएण्डला बाइकचं तोंड उत्तरेकडे वळवा की! कुंभवली ते झाई. दोन दिवस, दीडशेच्या आसपास किलोमीटर आणि सोबतीला समुद्र. हा किनारा आज जसा दिसतो तसा आणखी काही वर्षांनी दिसेलच असं नाही. म्हणून घाई करा!

मुंबई-पुण्याच्या बाइकवाल्यांना कोकण म्हटलं की फक्त खालचा भाग आठवतो. पनवेल सोडायचं, वडखळला चहा मारायचा आणि पुढे जमेल तितकं दक्षिणेकडे जायचं. वसईच्या वर महाराष्ट्राला समुद्रकिनारा आहे, हे ऑफिसात सांगितलं तर निम्मे लोक म्हणतात, ‘तिकडे काय, एमआयडीसीच ना?’

एमआयडीसी आहेच. पण तिच्या पलीकडे सुरूची बनं आहेत, मासे सुकवणारी गावं आहेत, बुरुजांवर झाडं उगवलेले किल्ले आहेत आणि चिकूच्या वाड्या आहेत. शिवाय देशाचं पहिलं अणुवीज केंद्र आहे आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या बंदराची तयारी आहे. इतक्या कमी किलोमीटरमध्ये इतकं सगळं एकत्र दिसणारा दुसरा रस्ता निदान आपल्या राज्यात तरी शोधून दाखवा.

स्टार्ट : कुंभवली

सुरुवात बोईसरपासून करायची. एक गंमत आधीच सांगून ठेवते. तारापूर एमआयडीसी तारापूरला नाही! ती आहे बोईसरला, स्टेशनच्या पश्चिमेला. कुंभवली, कोलवडे, पाम, सरावली अशी गावं तिला चारी बाजूंनी बिलगून बसली आहेत. कुंभवलीत सकाळी सातला उभं राहा. एका बाजूने रात्रपाळीवाले डोळे चोळत बाहेर पडतात, दुसऱ्या बाजूने पहिल्या पाळीवाले डबे घेऊन आत जातात. पूर्वी भातशेती आणि वाडीवर चालणाऱ्या गावाचं घड्याळ आता तीन शिफ्टवर चालतं. खोल्या भाड्याने देणं हाही इथला एक धंदाच. बिहार, उत्तर प्रदेशपासून आलेली मुलं तुमच्याच वयाची. फक्त त्यांच्या वीकएण्डला आपल्यासारखा फ्रायडे नाइटचा माहोल नसतो.

इथल्या टपरीवर कटिंग मारून घ्या. टाकी फुल्ल करा. आणि हो, नाकात जो वास शिरतोय ना, तो मनात नोंदवून ठेवा. पुढे त्याचा संबंध लागणार आहे.

नवापूर : समुद्र येतो, पण...

कुंभवलीहून पश्चिमेला नवापूरच्या रस्त्याला लागलं की वीसेक मिनिटांत कारखाने मागे पडतात. आधी गवताळ पडीक जमीन, मग खाजण, मग ताडाची झाडं आणि एकदम समोर समुद्र! दांडी, उच्छेळी, नवापूर, आलेवाडी, नांदगाव, मुरबे अशी मच्छीमारांची गावं इथे ओळीने आहेत. घरांपुढे जाळी पसरलेली, बांबूच्या मांडवांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले. कॅमेरा काढायचा मोह होणारच. काढा, पण आधी विचारा. घरातल्या मावशींना हसून विचारलंत तर त्या कोणता बोंबील किती दिवस वाळवायचा तेही सांगतील.

हाच तो किनारा, जिथे एमआयडीसीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पाइपलाइनने समुद्रात सोडलं जातं. ‘प्रक्रिया केलेलं’ या शब्दावरच सगळं भांडण आहे. इथल्या मच्छीमारांच्या संघटनेने, अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने, राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०२२ मध्ये लवादाने शंभराहून जास्त कारखान्यांना आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राला पर्यावरणाच्या नुकसानीची मोठी भरपाई भरायला सांगितली. बातमी म्हणून वाचलं तर दोन ओळी. इथे उभं राहून खाडीकडे बघितलं की कळतं, ज्यांचा पगार रोज भरती-ओहोटीबरोबर येतो त्यांच्यासाठी ती किती मोठी गोष्ट आहे. कुंभवलीतल्या खोलीभाड्याचा आणि नवापूरच्या रिकाम्या जाळ्याचा उगम एकच, हा इथला खरा पेच. कारखाने नकोत असं म्हणणारं माणूस आम्हाला भेटलं नाही. समुद्र खराब झाला तरी चालेल असं म्हणणारंही नाही.

समोर दिसतंय, पण जायचं कसं?

मुरब्याच्या टोकाला गेलात की खाडीपलीकडे सातपाटी दिसते. बोटींचे झेंडेसुद्धा मोजता येतात. पाण्यावरून गेलं तर काही मिनिटांचं काम, पण बाइकवरून मागे फिरून उमरोळी-पालघर असा वळसा घालावा लागतो. उत्तर कोकणात हे सतत होतं. नकाशावर सलग दिसणारा किनारा प्रत्यक्षात खाड्यांनी कापलेला आहे. म्हणूनच तो इतकी वर्षं निवांत राहिला. सरळसोट सागरी हायवे नाही, त्यामुळे टूरिस्ट बसेसचे तांडेही नाहीत.

खाडी पार करण्याचा हा प्रश्न हजार वर्षं जुना आहे, बरं का! १९५५ मध्ये चिंचणीला काही ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. तेव्हा इथे राष्ट्रकूटांचं राज्य होतं आणि संजाणच्या आसपासचा हा मुलूख त्यांनी एका अरब अधिकाऱ्याकडे सोपवला होता. ताम्रपटात त्याचं नाव ‘मधुमती’ असं येतं, म्हणजे महंमदचं केलेलं संस्कृत रूप. या माणसाने काय केलं? तर इथल्या नद्यांवर फुकट नावेची सोय केली आणि वाटसरूंसाठी अन्नछत्र काढलं, जिथे भात, कालवण आणि तूप मिळायचं! अकराशे वर्षांपूर्वीचा हायवे धाबा आणि टोल-फ्री खाडी. मुरब्याच्या धक्क्यावर उभं राहून आपण त्या साहेबांची फार आठवण काढली.

सातपाटी : पापलेटचं माहेर

सातपाटीत शिरलात की बाइक बाजूला लावा आणि पायी फिरा. मासळी बंदराकडे जाणाऱ्या गल्ल्या अरुंद, दोन्हीकडे घरं आणि मधून बर्फाच्या गाड्या, टोपल्या आणि लगबग. पापलेटसाठी सातपाटीचं नाव मुंबईच्या बाजारातही आदराने घेतात. इथल्या मच्छीमार सहकारी संस्था जुन्या आणि भक्कम. मासा बोटीवरून उतरला की आकारानुसार वेगळा होतो, बर्फात जातो आणि भाव ठरतो. शेअर मार्केटमधल्या कुठल्याही मित्राला लाजवेल इतक्या शिस्तीत.

२०२३ मध्ये राज्य सरकारने पापलेटला महाराष्ट्राचा ‘राज्य मासा’ म्हणून जाहीर केलं. मान मिळाला, पण मासा मात्र कमी झाला. बारीक आसाची जाळी वापरून पिल्लंच उचलली तर मोठा पापलेट येणार कुठून? त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर, म्हणजे साधारण तुमच्या हाताच्या पंजापेक्षा थोडा कमी. आपल्या हॉटेलांत ‘बेबी पॉम्फ्रेट’ म्हणून ताटात येतं ते आठवा. पुढच्या वेळी ऑर्डर देताना एवढं लक्षात ठेवलंत तरी सातपाटीला आल्याचं सार्थक झालं म्हणायचं.

शिरगाव-माहीम-केळवे : किल्ले आणि पानवेली

सातपाटीहून शिरगाव अगदी जवळ. शिरगावचा किल्ला गावातच आहे आणि आश्चर्य म्हणजे अजून चांगल्या अवस्थेत आहे. दरवाजा, बुरुज, तटावर चढायला जिने, सगळं शाबूत. इथलं ताडाचं एक झाड बघायला विसरू नका. आपला ताड सरळ एकच बुंधा घेऊन वर जातो. या ताडाला चक्क फांद्या फुटल्या आहेत! फोटो टाकलात तर लोक म्हणतील, एडिट केलंय.

पुढे माहीम. मुंबईचं नव्हे, हे केळवे-माहीम. ‘महिकावतीची बखर’ या नावातली महिकावती ती हीच. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती बखर १९२४ मध्ये छापून काढली, तेव्हा या पट्ट्याचा विसरलेला इतिहास लोकांसमोर आला. रस्ता मात्र इतिहासाचं ओझं मिरवत नाही. दोन्हीकडे वाड्या, नारळी-पोफळी, केळी आणि सावलीत वर चढलेल्या पानवेली. दुपारी दोनच्या उन्हातही हेल्मेटच्या काचेवर गारवा जाणवतो.

केळव्याला मुक्काम करा. बीच लांबलचक, मागे सुरूचं बन, शीतलादेवीचं देऊळ आणि समुद्रात पाणकोट. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, हे खरं. घोडागाडी, भेळ, आरडाओरडा, सगळं आहे. पण सकाळी सहाला किनाऱ्यावर या. तुम्ही, कावळे आणि जाळं ओढणारी चार माणसं, बस्स! हिवाळ्यात गेलात तर घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी ‘उकडहंडी’ आहे का ते आधी फोन करून विचारा. कोनफळ, रताळी, वालपापडी असं सगळं मसाला लावून मडक्यात भरायचं आणि पाणी न घालता वाफेवर शिजवायचं. एकदा खाल्लीत की बार्बेक्यूचे लाड बंद!

दिवस दुसरा : अणू आणि किल्ला

सकाळी लवकर निघा, पालघर-बोईसर करत तारापूरच्या रस्त्याला लागा. डावीकडे लांबवर अणुवीज केंद्राच्या इमारती दिसू लागतात. १९६९ पासून इथे वीज तयार होते आहे. भारताचंच नव्हे, आशियातल्याही सुरुवातीच्या अणुवीज केंद्रांपैकी हे एक. पहिले दोन संच अमेरिकन तंत्राचे. नंतरचे ५४० मेगावॉटचे दोन संच भारतीय बनावटीचे, २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेले. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली आणि दुसरीकडे त्याच नावाने वसवली गेली. गावाचं नाव सोबत नेता येतं, समुद्र नेता येत नाही. पुनर्वसनाच्या तक्रारी या भागात आजही कानावर पडतात. (इथे फोटो काढू नका. प्रतिबंधित क्षेत्र आहे, सुरक्षारक्षक विनोद समजून घेत नाहीत.)

तारापूर गावात मोठा थोरला किल्ला आहे. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजांनी माहीम, केळवे, शिरगाव अशी पोर्तुगीजांची ठाणी एकामागून एक घेतली आणि मग तारापूरवर आल्या. इथली लढाई सगळ्यात कडवी झाली. पेशव्यांचे जवळचे सरदार बाजी भीवराव रेठरेकर इथे पडले. वसईचा किल्ला त्यानंतर काही महिन्यांनी, मे महिन्यात हाती आला. वसई सगळ्यांना माहीत, तारापूर कोणाला आठवत नाही. आज तटाच्या आत वाडी आहे. परवानगी विचारूनच आत जा.

वाढवण : इथे थांबायलाच हवं

खाडीवरचा पूल ओलांडून चिंचणी, मग वरोर आणि मग वाढवण. हा तुकडा या ट्रिपमधला सगळ्यात सुंदर. अरुंद रस्ता, कडेने सुरू आणि ताड, मध्येच एखाद्या घरातून टकटक आवाज. तो आवाज डायमेकिंगचा. सोन्याचे दागिने घडवण्यासाठी लागणारे पोलादी साचे या गावांत घरोघरी कोरले जातात. म्हणजे झवेरी बाजारातल्या तुमच्या मंगळसूत्राच्या वाटीचा मूळ आकार इथल्या एखाद्या ओटीवर तयार झालेला असू शकतो!

वाढवणला ओहोटीच्या वेळी खडकाळ तळ उघडा पडतो. शंख, शिंपले, खेकडे आणि ते वेचणाऱ्या बाया. समुद्रात शंखोदर हे इथल्या लोकांचं श्रद्धास्थान. आणि भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं : ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द.’

गोष्ट थोडक्यात अशी. डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक आहे, असं केंद्र सरकारने जून १९९१ मध्ये जाहीर केलं. उद्योगांसाठी सगळ्या तालुक्यात जास्तीत जास्त ५०० एकर अशी मर्यादा आली. त्यावर लक्ष ठेवायला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. एका परदेशी कंपनीचा वाढवण बंदराचा प्रस्ताव या प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारला. बोईसर आणि डहाणूच्या हवेत आज जो फरक जाणवतो, त्यामागे ही ५०० एकरची रेघ आहे. ते नुसतं निसर्गाचं देणं नाही.

पण बंदराची कल्पना मेली नाही. ती जेएनपीए आणि महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या भागीदारीत परत आली. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह परवानगी दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटींहून जास्त. समुद्रात भर घालून १४४८ हेक्टर जमीन तयार होणार, म्हणजे जवळपास साडेचौदा चौरस किलोमीटर. वर्षाला २९८ दशलक्ष टन मालाची क्षमता. इथेच का? तर किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र नैसर्गिकरीत्या खोल आहे आणि महाकाय कंटेनर जहाजांना ती खोली लागते.

सरकार म्हणतं, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून बारा लाख रोजगार. मच्छीमार म्हणतात, हाच आमचा सोन्याचा पट्टा. मासे जिथे अंडी घालतात तिथेच भर पडली तर आम्ही जायचं कुठे? लढाई मोर्च्यांतून, न्यायालयांतून सुरू राहिली. आणि गावातली तुमच्या-आमच्या वयाची मुलं? त्यांच्यात दोन्ही सूर ऐकू येतात. कोणी बंदरात लागणाऱ्या नोकरीचा कोर्स शोधतंय, कोणी वडिलांच्या बोटीवर जातंय. एकाच घरात दोन भाऊ, दोन मतं, असंही दिसतं. ‘विकास की पर्यावरण’ हा कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेतला विषय इथे जेवणाच्या ताटावर बसलेला असतो.

बाइकवरून दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाने निकाल देऊ नये. पण एक गोष्ट दोन दिवसांतही दिसते. नवापूरच्या किनाऱ्यावर सांडपाण्याचं उत्तर मिळायला किती वर्षं गेली, पोफरण-अक्करपट्टीच्या लोकांना काय मिळालं, हे वाढवणचे लोक कागदावर वाचत नाहीत. ते त्यांचे शेजारी आहेत, सोयरे आहेत. म्हणून आश्वासनं ऐकताना त्यांचे कान टवकारलेले असतात.

शेवटचा टप्पा : चिकू, इराणी आणि झाई

डहाणूची खाडी ओलांडली की मूड बदलतो. डहाणू गावात जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. तिथून नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी हा सतराएक किलोमीटरचा रस्ता म्हणजे बाइकवाल्यांसाठी मेजवानी. डावीकडे सुरूमागे समुद्र, उजवीकडे चिकूच्या वाड्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. ही चिकूची लागवड वाढवण्यात इराणी-पारशी बागायतदारांचा मोठा वाटा. जवळच्या बहरोट डोंगरातल्या गुहेत पारशांनी आपला पवित्र अग्नी चौदाव्या शतकाच्या अखेरीस बारा वर्षं जपला, असं त्यांची परंपरा सांगते. एका बाजूला वारल्यांचे पाडे, एका बाजूला इराण्यांचे बंगले आणि मध्ये मराठी-गुजरातीची खिचडी बोलणारं बोर्डी!

बोर्डीचा किनारा इतका सपाट की ओहोटीला पाणी जवळजवळ दिसेनासं होतं. खंबातच्या आखाताकडे जावं तसतशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते, त्याचा हा परिणाम. आणखी थोडं पुढे झाई. मच्छीमारांचं छोटं गाव. पलीकडे गुजरात. महाराष्ट्राचा किनारा इथे संपतो. एकही ‘सनसेट पॉइंट’ची पाटी नाही, आणि सूर्यास्त मात्र अगदी फुकट!

ट्रिप गाइड

कसं जाल? मुंबई-अहमदाबाद हायवेने मनोरहून पालघर किंवा चिल्हार फाट्यावरून बोईसर. बाइक नसेल तर पश्चिम रेल्वेची लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते. पालघर किंवा बोईसरला उतरून मित्राची बाइक उधार मागा.

कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी मासळी विसरा.

भरती कधी? कोळ्यांचं जुनं गणित शिकून घ्या. कॅलेंडरवरची तिथी बघा, तिची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा पाणी जास्तच वर चढतं.

काय खाल? तांदळाची भाकरी, पापलेट (मोठंच!), बोंबील फ्राय, ताडगोळे, घोलवडचे चिकू. सुके बोंबील घरी न्यायचे असतील तर तीन पिशव्यांत गुंडाळा, नाहीतर सोमवारी ऑफिसात बॅग ठेवायला कोणी जागा देणार नाही.

काय टाळाल? बाइक वाळूवर घालू नका. ओल्या रेतीत चाक रुततं, खारं पाणी चेन खातं आणि रेतीतल्या जिवांचा चुराडा होतो. घरी परतल्यावर गोड्या पाण्याने बाइक धुवा, चेनला तेल द्या.

आणि एक : मासळी विकत घेताना घासाघीस जरा कमी करा. मॉलमध्ये कुठे करता?